आजीला अजून उठवलेलं नाही

३ ऑक्टोबर

गारुफालिया आत्या दारात आली नाही!

मेलबर्नहून इथवर यायचं, वर अथेन्सपासून डोंगरातली ती वळणं — आणि बाबा अख्खा रस्ता कोट घालून बसलेले. गाडीत उकडत होतं तरी काढला नाही. फाटकात उतरलो तर तिचा मुलगा थोदोसिस पुढे. "या मामा, या. आई आत आहे." आत म्हणजे स्वयंपाकघरात, दार लावून! आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं. ट्रेमधून कॉफी, गार पाणी, दोन बशांत पाकातल्या चेरी.

"मला पाहुणा केलं तिने," बाबा म्हणाले. आमच्यात घरचा माणूस सरळ स्वयंपाकघरात शिरतो, ट्रे असतो परक्यांसाठी. त्यांनी चेरीला हात लावला नाही. दोन्ही बशा मीच संपवल्या. चिडले की मला भूक लागते.

तिचा राग सगळ्या नात्याला ठाऊक आहे. बाबा विशीत जहाजावर चढले ते परत फिरकलेच नाहीत. आजी वारली तेव्हासुद्धा नाही. "दुकान टाकून कसा येऊ?" म्हणाले होते फोनवर — मासे तळायचं दुकान! त्यानंतर आत्याने त्यांचा फोन उचलला नाही. आता ते एकोणऐंशी, ती चौऱ्याऐंशी. या खेपेला तिला बोलतं करायचंच आणि आईच्या अस्थींवर डोकं टेकायचं, एवढ्यासाठी हट्टाने आलेत.

४ ऑक्टोबर

सकाळी अंगणात आत्या समोर आली. एवढीशी! काळे कपडे, हातात कोंबड्यांच्या दाण्याचं भांडं.

"नाव काय तुझं?" — माहीत असून!

"दियामांतो," म्हटलं. शाळेत मला डायना म्हणायचे, दुकानातही डायनाच. पण एकुलत्या मुलाची पहिली मुलगी, नाव आजीचंच पडणार.

तिने भांडं खाली ठेवलं. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळापासून हनुवटीपर्यंत चाचपला आणि म्हणाली, "आई, किती ग उशीर केलास!"

मला म्हणाली! सेहेचाळीस वर्षांची घोडी मी, भोकाड पसरलं. 

मग लगेच, "तुझ्या बापाला सांग, त्याची गाडी माझ्या कोबीवर चढलीय."

५ ऑक्टोबर

बाबांनी आज घात केला.

आमच्याकडे गेलेलं माणूस चार-पाच वर्षंच मातीत राहतं. मग घरच्यांनी त्याला खणून उठवायचं, हाडं वाइनने धुवायची, नाव घातलेल्या पेटीत ठेवायची. पेट्या देवळामागच्या खोलीत. बाबा सकाळी तिथे एकटेच गेले. आजोबांची पेटी सापडली, चुलत्यांची सापडली. आजीची नाही!

तिथून तरातरा चावडीवरच्या कॉफीच्या दुकानात. भर दुकानात ओरडले, "माझ्या आईला कुठे फेकलं गारुफालियाने? माझ्यावरचा राग आईवर काढला?" पत्ते खेळणाऱ्यांनी हातातले पत्ते पालथे ठेवले. मी बाही ओढतेय, पण ऐकतायत कुठले!

कोपऱ्यातून गावचा पाद्री उठला, पापा-लांब्रोस. "अनार्गिरोस, ती खोलीत कशी सापडेल? ती अजून मातीतच आहे."

तीस-बत्तीस वर्षं! दफनभूमी इथली टीचभर. कोणी वारलं की गावकरी आत्याच्या दारात — म्हातारीला उठव, जागा मोकळी कर. ही जाऊन कुदळीसमोर उभी राहायची. "तिचा मुलगा येईल, हातात घेईल, तेव्हाच उठेल ती." पाद्री बदलले, ही काही हलली नाही.

  केवढी ही बाई! आणि आम्ही तिकडे बसून तिला तुसडी म्हणत होतो.

आता ती बाबांना आजीजवळ उभं तरी करेल का? भर गावात नाव घेऊन बोलले तिला. संध्याकाळपर्यंत घरोघर झालं असणार.

६ ऑक्टोबर

बाबा सकाळपासून तिच्या पायरीवर. आत्या त्यांना ओलांडून आत-बाहेर करतेय. दुपारी एकदाची बोलली, "सरक. कोंबड्या उपाशी आहेत."

बाबांचा चेहरा असा खुलला! थोदोसिस म्हणाला, "मामा, नशीबवान आहात. मला काही दिवस एवढंही मिळत नाही."

ऊन कलल्यावर ती शेजारी टेकली. मी फाटकाशी उभी, ऐकू काही येईना. बाबा खाली मान घालून बराच वेळ सांगत होते. आत्या ताठ झाली. त्यांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला — आणि हात तिथेच राहू दिला. मग मला हाक. "परवा उठवायचं आईला. लाल वाइन आण. चांगली आण, आजी आहे तुझी."

७ ऑक्टोबर

पाऊस. बाबा तिच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलतायत आणि शिव्या खातायत. खूश!

८ ऑक्टोबर

कसं लिहू हे!

थोदोसिसने खणलं, शेवटी कुदळ टाकून हातांनी. पापा-लांब्रोस प्रार्थनेत "देवाची दासी दियामांतो" म्हणायचा आणि दर वेळी मी दचकायची. क्रुसावर माझंच नाव.

आत्या वाकली. आजीचं मस्तक वर आलं, मेणासारखं पिवळं, स्वच्छ. बायका कुजबुजल्या, "पिवळीधमक निघाली! सुटली ग बाई." हाडं पिवळी निघाली की माणसाची पापं फिटली, असं मानतात इथे. आत्याने ते पांढऱ्या फडक्यात घेऊन बाबांच्या ओंजळीत दिलं. "घे. इतके दिवस मी राखली."

बाबा गुडघ्यांवर. "आई, आलो ग मी." कपाळाला ओठ लावले. "किती हलकी झालीय ही, ताई."

"तू गेलास तेव्हाच झाली होती." आवाजात राग नव्हता.

वाइन मी ओतली, धुतलं दोघांनी. पोराचं डोकं धुवावं तसं, हळूहळू, कानामागेसुद्धा. मग लाल हातांनी एकमेकांना घट्ट धरून दोघं म्हातारे हमसून रडले. आयुष्यभर मी देवळात नुसती उभी राहत आले, घड्याळाकडे बघत. आज माझे गुडघे आपसूक टेकले. यापेक्षा मोठं काही मी पाहिलेलं नाही.

खड्डा मात्र बुजवला नाही, नुसत्या फळ्या टाकल्या. थोदोसिसला विचारलं तर म्हणाला, "आईने सांगितलंय."

९ ऑक्टोबर

बाबा माझ्याबरोबर मेलबर्नला परत येत नाहीयेत. डॉक्टरांनी निघण्याआधीच सांगितलं होतं — नाताळ बघतील, ईस्टर नाही. मला बोलले नाहीत. पायरीवर बसून आत्याला सांगितलं, आणि आजीची जागा मागून घेतली. मी रडून थकल्यावर आत्याने एप्रनने माझं नाक पुसलं. "त्याला उठवायची वेळ आली की दुकान बंद करून यायचं, कळलं? तू येईपर्यंत कोणाला कुदळ लावू देत नाही मी."