तानपुऱ्याचा डबा

१२ ऑगस्ट, मंगळवार
संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये मी टेबलावर हात आपटला आणि त्या एका सेकंदात सगळं फिरलं. टेबलावर मुग्धाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता, तो बटणांचा डबा. फरशीवर गेला. आवाज बंद.

कारण अनिकेत. लातूरहून दिल्लीत यूपीएससीला आलाय, गणपतीच्या कार्यक्रमात पेटी वाजवतो, म्हणजे मु.च्या शेजारी बसतो. मला बघून म्हणाला, "याला काम सांगू नका, हा इंटरव्हललाच उठून जातो." मी कॉलेज अर्धवट सोडल्यावरून. सगळे हसले. मु. पण. थोडंसंच, पण हसली.

नंतर सॉरी म्हणायचं सोडून त्याची कॉलर धरली. वळून बघतो तर मु. डबा कानाशी धरून बसलेली.
"नीट करून आण. नवा नको."
बस. एवढंच बोलली. प्रॅक्टिसनंतर तिच्या गेटपर्यंत तो डबा मीच न्यायचो. तेवढाच काय तो माझा हक्क.

१४ ऑगस्ट
जेवताना बाबा: "अरे यार, फोनवर ॲप मिळतं तानपुऱ्याचं. फुकट. फाइल क्लोज कर."
मी: "तुमच्या मिनिस्ट्रीतली फाइल नाहीये ही."
"तुझी आजवर एक तरी क्लोज झालीय?"
ताटावरून उठलो. आई मागून आमटी, आमटी करत राहिली.
मु.ला मेसेज केला. वाचला. उत्तर नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
दरियागंज. वाद्यांची दुकानं. पहिल्याने उघडला, बोर्डाला तडा दाखवला. "भाईसाहब, ये मॉडल तो कब का बंद हो गया. नया ले जाओ, रिमोटवाला." रिमोट! तानपुऱ्याला! दुसऱ्याने उघडलासुद्धा नाही. तिसरा मला गवई समजून गायचं आमंत्रण द्यायला लागला.

मग नेहरू प्लेस, मोबाइल-कॉम्प्युटरवाल्यांकडे. तिथला पोरगा डबा उलटसुलट करून म्हणतो, "इसमें स्क्रीन किधर है?" भांडलो. उगाच. घामाने शर्ट चिकटलेला, डबा पिशवीत, मेट्रोत सिक्युरिटीवाला विचारतोय हे काय. काय सांगू त्याला?

२१ ऑगस्ट
फरीदाबाद. कॉलेजातला पंकज तिथे एका फॅक्टरीत लागलाय. त्याने डोकं चालवलं. "डब्बा वही रहने दे, अंदर नई मशीन डलवा देते हैं. उसे क्या पता चलेगा?"

हो म्हणणारच होतो. खरंच.

पण मु.ला कळेल. जुना तानपुरा तापला की सूर किंचित उतरायचा. ती गाता गाताच हात लांब करून बटण केसभर फिरवायची, डोळे मिटलेलेच. मी तो हात बघत बसायचो. नवी मशीन उतरणारच नाही. तिचा हात जाईल आणि...
आणि ह्याला दुरुस्त म्हणायचं की नवा? पंकज म्हणाला, "तू पागल है." उघडलेला तसाच परत आणला. स्क्रू वेगळ्या पुडीत.

२३ ऑगस्ट, शनिवार
हॉलवर गेलो. बाहेरूनच ऐकू आलं. मु. गातेय. फोनच्या ॲपवर. फोन अनिकेतचा, त्याच्याच पेटीवर ठेवलेला.
डोकं सटकलं. प्रॅक्टिस संपल्यावर तिला गेटवर गाठलं.
"तुझं मजेत चाललंय की! मग मी उन्हातान्हात कुणासाठी फिरतोय?"
"माझ्यासाठी फिर म्हणाले का मी?"
"मग?"
"आईचा आहे तो. गाणं सुटलं तिचं, पण रोज पोळ्या करताना ओट्यावर तानपुरा लावते. लावायची. आता सकाळी नुसती शिट्टी कुकरची."
"आधी सांगायचं ना!"
"तू घरी आलास? दुकानं बरी फिरतोस रे. आमची बेल वाजवायला काय झालं होतं?"
"अनिकेतला विचार" असलं काहीतरी फालतू बोललो. तिने गेट उघडलं.
जाताना: "आई म्हणालीय, त्याला ओरडू नकोस. म्हणून ओरडत नाहीये."

२४ ऑगस्ट, रविवार
झोप झाली नाही. राग आहे, पण कुणावर ते ठरत नाहीये. अनिकेतवर धरला, टिकला नाही.

आई चहा देताना: "मुग्धाच्या आईला, जोशीकाकूंना काय हवंय ते विचारलंस का?"
नाही. बाबा, दुकानदार, पंकज, सगळ्यांनी मत दिलं. ज्यांचा आहे त्यांना कुणी विचारलंच नाही. मी तर नाहीच.

काय सांगू त्यांना? काकू, हा उघडलेला डबा, ही स्क्रूंची पुडी. रिमोटवाला आणू, की ह्यातच नवी मशीन घालू, की अजून एखादं दुकान शोधू? त्या ओरडल्या तर चालेल. खूप चालेल. "असू दे रे" म्हणाल्या तर मेलो.
दार मु.ने उघडलं तर?

समोरच्याच ब्लॉकला जायचंय आणि पाय दरियागंजकडे वळतायत. आत्ता पोळ्यांची वेळ. नंतर गेलो तर जाणारच नाही.

चपला घातल्यात, उभ्यानेच लिहितोय. बाबा पेपरामागून विचारतायत, "आता कुठे?" सांगितलं, काकूंकडे. पेपर खाली आला.
डबा घेतला. निघालो. दार ओढून घेतो.