थीम पार्कला पहिल्यांदा जाणाऱ्या मुलींसाठी

सर,

तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलायचा सगळ्यांना सराव झालाय. शाळेच्या हॉलमध्ये तुमचा फोटो लावलाय. त्याला हार घालताना जुने विद्यार्थी म्हणतात, सर कडक होते, पण मनानं लई चांगले होते. तेरला माहेरी गेले की मी शाळेवरून जाते, हॉलमध्ये जात नाही. तुम्ही मनानं कसे होतात ते मला माहीत नाही. तुमचा हात कसा होता, तेवढं मी पाहिलंय. आज लिहायला बसले, कारण गेल्या आठवड्यात मी माझ्या वर्गाची सहल पुण्याच्या पुढच्या मोठ्या थीम पार्कला नेली होती आणि दिवसभर तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते. मीही शिक्षिका झाले, सर. येरमाळ्याजवळच्या एका गावात आठवीचा वर्ग आहे माझ्याकडं. तुमच्यामुळं झाले असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

सहलीच्या आधी मी पालकांची सभा घेतली. तुम्ही कधी घेतली नव्हती. बाया पुढं सतरंजीवर बसल्या होत्या, पुरुष भिंतीला टेकून. यातलं कुणीच असल्या पार्कात गेलेलं नव्हतं, म्हणून मी सगळं फोड करून सांगितलं. पायात चप्पल नको, पट्ट्याचे सँडल नाहीतर बूट, कारण वर गेल्यावर चप्पल पडली की ती कुणी आणून देत नाही. केस घट्ट बांधा, कानातलं-गळ्यातलं घरीच ठेवा, ओढणी नकोच, आणि घ्यायचीच असेल तर बॅगेत. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून दशम्या-चटणी फाटकाबाहेर गाडीतच खायच्या, आणि त्याही बेतानं, पोट गच्च भरून पाळण्यात बसलं की उलटी ठरलेली. फाटक उघडायच्या आधी पोचायचं आणि आत गेल्यावर सगळे जिथं गर्दी करतात तो पहिला पाळणा सोडून थेट मागच्या टोकाला जायचं. मोठ्या खेळांची रांग सकाळी छोटी असते, दुपारी जीव घेते. पाण्यातले खेळ शेवटी, कोरडे कपडे सोबत. कुणी चुकलंच तर इकडंतिकडं पळायचं नाही, कारंज्यापाशी येऊन उभं राहायचं, आणि माझा नंबर प्रत्येकीच्या हातावर पेनानं लिहिलेला असेल. ज्यांना दम्याचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी मला आधी सांगायचं. आणि जिला भीती वाटेल तिला कुणी ढकलायचं नाही, जिला बसायचंय तिला कुणी अडवायचं नाही. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं. मागून एक आजोबा म्हणाले, "बाई, पोरींना कशाला वर चढवताव? खालून बघतील की."

त्यांच्या तोंडून तुम्हीच बोललात असं वाटलं मला. मी म्हणाले, "आजोबा, खालून बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? खालून तर इथनं बी दिसत न्हाय, तिथनं बी दिसत न्हाय." बाया हसल्या. तुमच्यापुढं मला हे कधी सुचलं नसतं.

आम्ही नववीत होतो. ठरवलेली एस.टी. मुंबईजवळच्या पार्काच्या फाटकाशी उभी राहते, सकाळची उन्हं आहेत, मुलं खिडकीतून पिशव्या बाहेर फेकतायत. तुम्ही खाली उतरून शिट्टी वाजवता. सूचना एकच देता. "पोरं माझ्या मागं. पोरींनी त्या झाडाखाली बसायचं, सामान बघायचं. वर झगे उडले, ओढण्या अडकल्या तर तुमच्या बापाला मी काय तोंड दाखवू?" आमच्या सोबत आलेल्या बाई पर्समधून चिवडा काढतात आणि तुमच्याकडं बघतही नाहीत. आम्ही मुली झाडाखाली बसतो. समोर आकाशपाळणा फिरतोय, एवढा मोठा की वरची माणसं ओळखू येत नाहीत. मुलांच्या पिशव्या, चपला, डबे आमच्याभोवती. दुपारपर्यंत आम्ही आळीपाळीनं संडासला जाऊन येतो, हीच आमची सहल.

माझ्या शेजारी माझ्या बाकावरची मैत्रीण. ती म्हणते, "तिकीट आपलं बी काढलंय का न्हाय?" मी म्हणते, "गप बस, सर बघतील." ती ओढणी काढून कमरेला गच्च बांधते, वेणी कुडत्यात खोचते आणि सरळ चालत जाऊन रांगेत उभी राहते. बघा सर, ओढणीचं काय करायचं ते नववीतल्या पोरीला कुणी न सांगता कळलं होतं. तुम्हाला कळलं नाही. तुम्हाला कळून घ्यायचं नव्हतं.

ती खाली उतरली तेव्हा हसत होती. तोंड लाल, केस सगळे सुटलेले. तुम्ही पाळण्याच्या फाटकापाशी वाट बघत उभे होतात. तुम्ही तिला रांगेसमोर, परक्या लोकांसमोर, आमच्या वर्गातल्या मुलांसमोर कानाखाली मारली. ती पडली नाही, फक्त हसणं तोंडावर तसंच अर्धं राहिलं. परतीच्या वाटेवर तिला तुम्ही गाडीत उभं केलंत. तेवढ्यावर भागलं नाही. सहलीनंतर तुम्ही मोटारसायकलवर तिच्या घरी गेलात आणि तिच्या वडिलांना म्हणालात, "पोरगी हाताबाहेर चाललीय, वेळेत बघा." त्यांनी वेळेत बघितलं. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. दहावीच्या वर्गात मी बाकावर एकटी बसले. हजेरी घेताना तिचं नाव तुम्ही सहज ओलांडून पुढं गेलात, एकदाही अडखळला नाहीत.

नोकरीमुळं मी ज्या गावात आले तेच तिचं सासर निघालं. तिची धाकटी मुलगी माझ्या वर्गात आहे. सहलीला मुलींसोबत एक पालक बाई हवी होती. सभेत मी विचारलं तेव्हा सगळ्या एकमेकींकडं बघत राहिल्या आणि तिनं हात वर केला.

पार्कात सगळं सांगितल्याप्रमाणं झालं. आम्ही लवकर पोचलो, मागच्या टोकाला गेलो. तिथं रुळांवरून धावणारी ती गाडी होती, जी चढावर हळूहळू जाते आणि पुढं एकदम खाली कोसळते. दोन-चारजणी सोडून सगळ्या मुली उड्या मारत रांगेत लागल्या. तिची मुलगी मात्र रडकुंडीला आली. "आई, मला न्हाय बसायचं."

"नको बसू," ती म्हणाली. "हितं कठड्यापाशी बाकीच्या पोरींसंगं थांब. मी जाऊन येते."

"तू?" मुलगी रडायचं विसरली.

"व्हय. का? मला काय झालंय?" तिनं पदर दोनदा फिरवून कमरेला खोचला, साडी पायांत चापून घेतली. तिथल्या माणसानं साडी बघून नाही अशी मान हलवली. मग मी बॅगेतली माझी जादाची सलवार आणि कुडता दिला आणि ती बदलून आली. कुडता तिला आखूड होत होता. ती आरशात बघून म्हणाली, "नववीतल्यासारखी दिसते का गं?" मी तिचा कुडता मागून खाली ओढून दिला. आम्ही शेजारी बसलो. छातीवर तो लोखंडी दांडा आला. गाडी कडकड वाजत चढावर निघाली.

मी विचारलं, "तुला तो दिवस आठवतो का गं?"

"आठवतो की. सरांना अजून शिव्या देते मी. भाकरी थापताना देते. लई गोल व्हते भाकरी." मग म्हणाली, "एक विचारू? त्या पाळण्यातनं लांब काहीतरी चमकत दिसलं व्हतं. पाणीच व्हतं. तो समुद्र व्हता का गं?"

मी कुठून सांगू, सर? मी खाली तुमच्या पोरांच्या चपला राखत होते. इतकी वर्षं ती हा प्रश्न कुणाला विचारणार होती? मी एवढंच म्हणाले, "असंल." ती म्हणाली, "असंलच," आणि गाडी खाली सुटली. तिचं ओरडणं अजून माझ्या कानात आहे. भीतीचं नव्हतं ते. खाली आल्यावर ती मुलीला म्हणाली, "पुन्यांदा जायचंय मला," आणि कुणाला न विचारता परत रांगेत जाऊन उभी राहिली. तिला अडवायला कुणी आलं नाही. मी फाटकाकडं बघत होते, उगाच.

माणूस गेला की राग जातो असं मला वाटायचं. तसं काही होत नाही. तुम्ही म्हातारे होऊन अंथरुणात गेलात, लोक भेटायला येत होते. तुम्हाला ती एकदा तरी आठवली असेल असं मला वाटत नाही. तिच्या वतीनं मी तुम्हाला माफ करणार नाही, तो हक्क माझा नाही, आणि माझ्याकडून तर मुळीच करणार नाही.

हे पाठवायचं कुठं? तुमच्या घरी तुमचा मुलगा राहतो, त्याला यातलं काही कळणार नाही. म्हणून ते इथंच राहील. एक मात्र सांगते. सुरुवातीला मी तुम्हाला 'तू' म्हणून लिहायला घेतलं होतं. ठरवूनच. पहिलं वाक्य लिहिलं, 'तू मारलंस.' पेन थांबलं. उठले, पाणी प्याले, परत बसले. दुसरं वाक्य काही होईना. शेवटी ते खोडून 'तुम्ही' केलं आणि मग पुढचं सगळं आपोआप उतरलं. मी स्वतः शाळेत शिकवते, माझे केस पिकायला लागले, तरी तुम्हाला अरेतुरे करायला माझा हात उचलत नाही, सर. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आहे.