कपाटामागची भिंत

खर्डा,
दि. ३ ऑगस्ट २०२५

चि. एस्तेर हिस दयाआत्याचे अ. आ. व प्रभूमध्ये सलाम.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. ‘निरोगी घर तपासनीस’ झालीस! आपल्या घराण्यात असलं प्रमाणपत्र कुणाला मिळालेलं नाही. आज मंडळीत पाळकसाहेबांकडून जाहीर करवून घेतलं. तुझे बाबा हवे होते गं, दादाने अख्ख्या नगरला पेढे वाटले असते.

एप्रिलमध्ये परीक्षेसाठी माझं घर तपासायला आलीस, तेव्हा मोरीत वाकून वास काय घेत होतीस, माळ्यावर उंदराच्या लेंड्या काय शोधत होतीस! जिला मी नाक पुसायला शिकवलं, ती माझ्या घराला मार्क देत होती. मला हसू आवरत नव्हतं.

अँड्र्यू, मोनिका आणि सिल्व्हिया जूनपासून पुणं सोडून इथेच राहायला आले, त्यामुळे घर भरलं आहे. फक्त नातीचा खोकला हटत नाही. सात वर्षांची पोर, पण झोपेत छाती वाजते. परवा जामखेडला दाखवलं. घरात ओल आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी पर्समधून तुझा अहवालच काढून पुढे ठेवला. ‘भिंती कोरड्या’ हे वाचून ते म्हणाले, की मग कारण दुसरं असणार. आता रक्ताच्या तपासण्या सांगितल्यात. बघ, तुझ्या कागदाला केवढा मान!

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझी माया आहेच, ती पत्राने वसूल करत जा.

तुझी,
दयाआत्या


सावेडी, अहिल्यानगर,
दि. ८ ऑगस्ट २०२५

ती. दयाआत्यास एस्तेरचा सप्रेम सलाम.

वि. वि. तुझं पत्र वाचलं. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा मोनिकावहिनीने घेतला. तिला सांगायची हिंमत झाली नाही. इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला.

आत्या, मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट माझ्या लहानपणापासून खिडकीशेजारी होतं. एप्रिलमध्ये ते मोरीच्या भिंतीला लावलेलं दिसलं. फरशीवर ओढल्याच्या ताज्या खुणा होत्या, आणि नव्या रंगाच्या वासातूनही ओलीचा वास येत होता. घर कुणाचंही असो, कपाट हलवून मागे बघितल्याशिवाय अहवालात भिंतीच्या रकान्यात काही लिहायचं नाही, हा आमच्या मॅडमचा पहिला नियम. ओल मोजायचं यंत्र माझ्या हातात होतं. पण तू इस्त्रीची साडी नेसून, चहा आणि शंकरपाळी घेऊन दारात उभी होतीस. कपाट हलव म्हणणं म्हणजे तू काहीतरी लपवते आहेस असं तुला तोंडावर सांगणं. मी यंत्र पिशवीत टाकलं. ‘भिंती कोरड्या’ लिहिलं. नेमका तोच अहवाल मॅडमनी वर्गात नमुना म्हणून वाचून दाखवला, आणि मी मान खाली घालून कौतुक ऐकून घेतलं. मला माझीच शिसारी येते आहे.

सिल्व्हिया कुठे झोपते? त्या खोलीत असेल तर आजच्या आज बाहेर आण. डॉक्टरांना खरं सांग. मीही प्रशिक्षण संस्थेत जाऊन मॅडमना सांगणार आहे.

हवी तेवढी रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
एस्तेर


खर्डा,
दि. १३ ऑगस्ट २०२५

चि. एस्तेर हिस आशीर्वाद.

तुझे फोन मीच मुद्दाम घेतले नाहीत. हो, कपाट मी हलवलं. तू येणार म्हणून आदल्या दिवशी भिंतीला रंग दिला आणि शेजारच्या वाल्मिकला हाक मारली. तो म्हणत होता, की बाई, भित लई वली हाय, कपाट कुजंल. मी त्याला गप्प केलं. छत्तीस वर्षं शाळेत या गावाच्या पोरांची नखं तपासली मी. माझ्याच घराला बुरशी लागली असं तुझ्या वहीत यावं का?

नंतर तुझा अहवाल आला. ‘भिंती कोरड्या’ वाचलं आणि, खरं सांगते, मला ते पटायला लागलं. सिल्व्हियाची कॉट मीच त्या कपाटाला लावून दिली.

तिला आता पुढच्या खोलीत झोपवते आहे, उकाड्याचं निमित्त सांगून. तेवढ्यावर भागव. संस्थेत जाऊ नकोस, तुझं प्रमाणपत्र जाईल. आणि मोनिकाला काही कळता कामा नये. सून आहे ती. मी तिला तोंड कसं दाखवू?

दयाआत्या


सावेडी,
दि. १८ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास सलाम.

आज संस्थेत जाऊन आले. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी प्रमाणपत्र ठेवून घेतलं आणि विचारलं, की परीक्षेच्या उरलेल्या चार घरांतही असंच केलं का. नाही म्हणाले, पण त्यांना विश्वास ठेवायला काय कारण आहे? पाचही घरं त्या पुन्हा तपासून घेणार आहेत. वर्षभराने मला परत परीक्षेला बसता येईल.

तुझी विनंती मला पाळता येणार नाही. खोली बदलली तरी डॉक्टर अजून चुकीच्याच जागी शोधत आहेत, आणि पोरीच्या हाताला सुया टोचल्या जात आहेत. मी रविवारी येते. तोवर तू सांगितलं नाहीस तर मी वहिनीला सांगेन, माझ्या चुकीसकट. हे लिहिताना फार वाईट वाटतंय.

तुझ्याच मायेची,
एस्तेर


खर्डा,
दि. २१ ऑगस्ट २०२५

चि. एस्तेर हिस अनेक आशीर्वाद.

वाल्मिक आज नगरला निघाला आहे, त्याच्या हाती हे देते.

तुझं पत्र सकाळी आलं. अँड्र्यू आणि मोनिकाला समोर बसवून सगळं सांगितलं. मग अँड्र्यू आणि वाल्मिकने कपाट ओढलं. भिंत कमरेपर्यंत काळी होती. मोरीचा नळ आतल्या आत झिरपत होता. कपाटाची पाठ गंजली होती, खालच्या कप्प्यातले सिल्व्हियाचे स्वेटर बुरशीने पांढरे झाले होते. मोनिकाने स्वेटर उचलले, अंगणात नेऊन टाकले आणि डॉक्टरांना फोन लावला. ती मला बोलली असती तर सोसलं असतं.

सिल्व्हिया माझ्या मांडीवर बसून सगळं बघत होती. तिने विचारलं, की आजी, तुला हे आधीपासून माहीत होतं का. मी हो म्हणाले. ती मांडीवरून उतरली आणि आईजवळ जाऊन बसली.

रविवारी नक्की ये. आपल्या माणसांत ज्याच्याकडे मला मान वर करून बघता येईल, असं माणूस आज तरी तूच आहेस. माया असू दे.

तुझी,
दयाआत्या