कोपऱ्यातली सही

कोल्हापूर, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९७८

काल चुकीचं लिहिलं. मासिकातली ती चित्रकर्ती जपानी नाही, फिलिपिन्सची आहे, मनिलाची. गोणपाटावर रंगवते, चेहरे मुद्दाम धूसर ठेवते. आणि कोपऱ्यात स्वतःची सही!

फोटोवर चौकोन आखून चेहरा हुबेहूब उतरवायला मला बाबांनीच शिकवलं, आमच्या चित्रांच्या दुकानात. पण पाटलीणबाईंनी करायला दिलेलं त्यांच्या सासऱ्यांचं चित्र सगळं मी रंगवलं, मग त्यावर सही बाबांची का होणार? आज विचारलंच.

"दुकानाची सही हाय ती, पोरी. गिऱ्हाईक तुझं नाव बघून येतंय व्हय?"

"येईल की!" म्हटलं.

मी कृतघ्न आहे का? नाही. चित्रावर अजून सही व्हायची आहे. ती मीच करणार. चोरून नाही, बाबांच्या समोर, परवा गुरुवारी, १६ नोव्हेंबरला.