पाटीवर नाव कुणाचं

६ नोव्हेंबर २००५
कोल्हापूरच्या फरसाण कंपनीचे देसाई तिसऱ्यांदा आले. आमच्या तिठ्यावर त्यांची एजन्सी काढायची, दुकान मी चालवायचं. काचेची कपाटं, फ्रीज, दिव्यांची पाटी, सगळं कं. देणार. "मालक तुम्हीच, ताई!" करार अकरा पानी. सातव्या पानावर: कं.च्या मालाशिवाय दुसरं काहीही विकायचं नाही. म्हणजे माझं खाजं, आलं-गुळाच्या पाकातल्या बेसनाच्या कांड्या, तेही नाही. लग्न होऊन आल्यापासून जत्रांतून खाजं विकतेय, आणि आता दुकान मिळतंय ते खाजं सोडण्याच्या अटीवर. विचारलं, मग मी मालक कशाची? हसले. त्यांना विनोद वाटला.

७ नोव्हें.
काल फार तोऱ्यात लिहिलं. पण ह्यांची कंबर. गेल्या शिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत कढई उचलताना धरली, ती सुटलीच नाही. डॉक्टर म्हणाले, वजन उचलणं बंद. मी एकटीने कढई, चूल, मांडव घेऊन गावोगाव... नाही जमणार. तेव्हा दुकान हवंच. छपराखालचं, एका जागचं. ते ठरलं. कसं, तेवढं ठरायचंय.

१२ नोव्हें.
मोठी जाऊ, शालनवयनी, विहिरीवर भेटली. तिचा तिठ्यावर गाळा आहे, रिकामा. म्हणाली, "माजो गाळो पडान आसा. हात तुजे, जागा माजी. अर्ध्याक अर्धा." फणसाच्या झाडावरून बिनसलं त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासूनचं हे तिचं पहिलं बोलणं. विचार करते म्हटलं. पण भागीदारी, आणि शा.व.शी? कं. निदान कोल्हापुरात बसते. ही रोज समोर बसणार.

१८ नोव्हें.
करार परत वाचला. पान नऊ: सलग तीन दिवस दुकान बंद राहिल्यास करार रद्द. आणि यंदा आमची गावपळण. देवाचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. देसाईंना फोन केला.
"तारखा आधी लेखी कळवा ताई, वरून परवानगी घेतो."
म्हटलं, कौल लागल्याशिवाय तारीख नाही. आणि परतायलाही कौल लागतो, नाही मिळाला तर चौथा दिवस.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "देवस्थानचं लेटरहेड असेल ना?"
हे ऐकून आमचे हे हसता हसता कंबर धरून बसले. दे. सहीला ५ डिसें.ला येणार.

२ डिसें.
कौल झाला. परवा बाहेर पडायचं. बेसन, गूळ, आलं, लहान कढई बांधून ठेवली. वेशीबाहेरच्या खोपीसाठी माडाच्या पात्यांचे विणलेले झाप शा.व.ने न मागता पाठवले. कमाल आहे.

५ डिसें., वेशीबाहेर, खोपीत
घोळ! दे.ना आज बोलावलं होतं, ते रद्द करायचंच विसरले. बिचारे तिठ्यावर एसटीतून उतरले तर गावात माणूस नाही की कुत्रं नाही. सगळ्या दारांना कुलपं. घाबरून चालत सुटले ते थेट आमच्या खोपींपाशी. मी कढईवर, शेजारपाजारचे द्रोण घेऊन उभे. त्यांनाही गरम खाजं दिलं. खाल्लं. दुसऱ्यांदा द्रोण स्वतःच पुढे केला.
मग म्हणाले, "तीन दिवसांची अट मी काढून घेतो, ताई. खाजंही ठेवू. आमच्या पाकिटात, आमच्या नावानं. कुठच्या कुठे जाईल!"
आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि लगेच राग आला. गुळाचा पाक ओळखायला शिकले ती सासूची बोलणी खाऊन, आणि नाव कं.चं? सही केली नाही. म्हटलं, दहा तारखेला फोन करा.
शा.व. शेजारच्या खोपीतून सगळं ऐकत होती. दे. गेल्यावर म्हणाली, "पाकिटात गेलां की खाजां तुजां रवाचां नाय गो." मग द्रोण गोळा करत, "आणि अर्ध्याक अर्धा म्हटलंय तरी पाटयेर माजां नाव नको. तुजांच घाल." लाज वाटली मला. काय काय समजत होते तिला.

७ डिसें.
परतायचा कौल मिळाला नाही. आणखी एक दिवस. गाव कुरकुरतंय, मला बरंच झालं. ठरवून टाकलं: गाळा शा.व.चा, पाटी माझ्या नावाची. कं.चं फरसाण एका कपाटात ठेवीन, त्यांच्या पाकिटात. खाजं माझं, कागदाच्या पुडीत, हवं तेवढं. पटलं तर पटलं. शा.व.शी रोज वाजेल. वाजू दे.

९ डिसें.
काल परतलो. सकाळी शा.व.ने गाळ्याची चावी हातात ठेवली. "आधी झाडून काढ, मगे बोलाया." झाडला, धुतला. कोनाड्यात मांजर व्यालेली, तिला राहू दिलं.
दे.चा फोन उद्या दहाला. काय बोलायचं ते पाठ आहे, तरी परत परत म्हणून बघतेय. ह्यांनी विचारलं, "आणि ते नाय म्हणाले तर?"
"तर दुपारी गूळ आणूक जावया. तुमी नुसते वांगडा येवा, उचलू नकात."
"आणि व्हय म्हणाले तर?"
"तरी गूळ लागतलोच."