संध्याकाळचा पाऊस माझाच

सोमवार, ४ मार्च
आजपासून चहात साखर नाही. दाढीवाल्यावर चिडायचं नाही. एप्रिलच्या मीटिंगमध्ये त्याला चारीमुंड्या चीत करायचं, पण हसतमुखाने.

मीटिंगमध्ये ततपप होऊ नये म्हणून सगळं इथे एकदा सोपं करून लिहितो. आमचं हवामानाचं मॉडेल पृथ्वीचे शंभर-शंभर किलोमीटरचे चौकोन पाडतं. ढग त्याहून लहान, त्यामुळे मॉडेलला ते दिसतच नाहीत. मग गरम हवा कधी वर चढेल, ढग कधी होईल आणि पाऊस कधी पडेल, याचे नियम कंप्युटरला कुणीतरी लिहून द्यावे लागतात. खऱ्या जगात तापलेल्या जमिनीवरचा पाऊस बहुतेकदा संध्याकाळकडे पडतो. मॉडेलं मात्र भर दुपारी बाराला उरकून मोकळी होतात. यावर आमच्याकडे दोघांनी नियम लिहिलेत. एक मी, अकरा वर्षं घासून. दुसरा शेजारच्या खोलीतल्या दाढीवाल्याने, तीन वर्षांत, हेडफोन लावून. नव्या मॉडेलमध्ये एकच राहणार.

तुलनेसाठी आज सेटिंगमधला आकडा एकचा दोन केला. एक म्हणजे मी, दोन म्हणजे दाढीवाला. त्याच्या नियमाचा रन लावला, म्हणजे मॉडेल एकदा पूर्ण चालवायला सोडलं. तेवढ्यात बायकोचा फोन. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्यावर आलंय, आत्ताच्या आत्ता या. निघालो. परत आल्यावर आकडा एक करायचा आहे.

सोमवार, ११ मार्च
आठवडाभर हॉस्पिटल, औषधं, थेंब. सासूबाई आता आमच्याकडेच, डोळ्यावर पट्टी, जरा गुंतागुंत झाली म्हणून महिनाभर. दुसऱ्या डोळ्याने सगळं दिसतं, विशेषतः मी चहात घातलेली साखर. (अपवाद. पाहुण्यांना कंपनी म्हणून.)

ऑफिसात दाढीवाल्याचा रन संपलेला होता. उघडला नाही. वाईट गोष्टी बघून मूड का घालवा. थेट माझ्या कामाला लागलो. माझ्या नियमात एक नाजूक जागा आहे: वर चढणाऱ्या हवेत बाजूची कोरडी हवा किती मिसळू द्यायची. मिसळण जास्त, तर ढगाला उशीर. वीस होती, ती पंचवीस केली. रन लावला.

गुरुवार, १४ मार्च
पाऊस पाचला! संध्याकाळी पाचला!

अकरा वर्षं जो पाऊस दुपारी साडेबाराच्या वर सरकत नव्हता, तो आज पाचला पडला. बायकोला फोन केला. ती म्हणाली, खिडकीबाहेर तर कडक ऊन आहे. मॉडेलमध्ये, असं सांगितलं. मग येताना दूध आणा म्हणाली. संसारी माणसाच्या यशाला असाच उजेड मिळतो.

मंगळवार, १९ मार्च
मिसळण सव्वीस. पाऊस पाचलाच, पण जास्त ठाम. आलेखाला आता एक रुबाब आलाय. सत्तावीसला खांदे किंचित रुंद वाटतात. अठ्ठावीसला पुन्हा देखणा. अशी बारीक नजर यायला वर्षं जावी लागतात. हेडफोन लावून येत नाही.

शुक्रवार, २२ मार्च
सर्व्हरवाल्याची मेल. डिस्क भरली आहे. त्याच्या प्रोग्रामच्या मते माझे सगळे रन शेवटच्या अक्षरापर्यंत एकसारखे आहेत, तेव्हा एक ठेवून बाकीचे उडवू का.

उत्तर लिहिलं, तीन परिच्छेद. ज्या प्रोग्रामला पंचवीस आणि अठ्ठावीसमधला फरक कळत नाही, त्याने विज्ञानात नाक खुपसू नये. विभागप्रमुख बाईंना कॉपी. पहिल्या मसुद्यातला ‘गाढव’ काढला. मी चिडलो नाही.

दुपारी पुन्हा त्याचा फोन. साहेब, एकदा बघून तर घ्या, म्हणाला. मी म्हणालो, तेच करतोय दोन आठवडे. त्याने फोन ठेवला. जिंकलो.

रविवार, २४ मार्च
घरी प्रिंट आणले. सासूबाईंना पंचवीस आणि अठ्ठावीस शेजारी ठेवून दाखवले. बराच वेळ बघून म्हणाल्या, जावईबापू, हे एकच चित्र दोनदा छापलंय.

एका डोळ्यावर पट्टी. मत धरलेलं नाही.

बायकोच्या दोन्ही डोळ्यांवर काहीही नाही. तिचंही मत तेच. हिला आईविरुद्ध बोलता येत नाही.

बुधवार, २७ मार्च
आज मात्र हद्द झाली. तुलनेचा आलेख हवा म्हणून दाढीवाल्याचा रन शेवटी उघडला. पाऊस पाचला. तोच रुबाब, तेच खांदे. हुबेहूब माझा.

चोरी! माझी मिसळण, माझी अकरा वर्षं उचलून याने स्वतःच्या नियमात घातली. मला वाटायचं हेडफोनमध्ये गाणी ऐकतो.

बायको म्हणाली, आधी त्याला साधेपणाने विचारा तरी, चांगला वाटतो तो, आईच्या ऑपरेशनच्या वेळी फळं घेऊन आला होता. फळं! आता कळलं, ती का आणली.

विचारणार नाही. मीटिंगमध्येच तोंडचं पाणी पळवतो.

मंगळवार, २ एप्रिल
भाषण आरशासमोर पाठ. बायको म्हणते, एवढा आवाज कशाला, शेजारी ऐकतात. ऐकू देत. उद्यापासून सकाळी चालायला जाणार.

गुरुवार, ४ एप्रिल
लिहायला वेळ झाला नाही. नंतर लिहितो.

शुक्रवार, ५ एप्रिल
काल मीटिंग झाली. मी फार चांगला बोललो. हे सगळ्यांनी मान्य केलं, हे आधी नोंदवतो.

वीस मिनिटं मी संध्याकाळच्या पावसाचं कौतुक केलं. हा नियम ढगाला धीर धरायला शिकवतो, म्हणालो. असा नियम हातात असताना दुसरा घेणं हा करंटेपणा आहे, म्हणालो. मग शेवटची स्लाइड. माझा आणि दाढीवाल्याचा आलेख एकावर एक. एकच रेघ दिसत होती. तिच्याकडे बोट करून चोरी हा शब्द वापरला.

दाढीवाल्याने हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, तुमची सेटिंग जरा उघडता का. मी म्हणालो, अवश्य, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. पडद्यावर मोठी करून दाखवली.

दोन. सगळ्या रनमध्ये दोन.

आकडा दोन असला की मिसळणीला कुणी विचारतही नाही. ती माझ्या नियमात आहे. माझा नियम महिनाभर बंद होता.

बाईंनी तिथेच एक टाकून छोटा रन लावायला सांगितला. चहा होईतो निकाल आला. पाऊस साडेबाराला.

बाई म्हणाल्या, दाढीवाल्याच्या नियमाची इतकी मनापासून बाजू कुणीच मांडली नव्हती, खुद्द त्यानेसुद्धा नाही. निर्णय एकमताने झाला. एकमतात मी आहे की नाही, विचारलं नाही.

सोमवार, ८ एप्रिल
सर्व्हरवाल्याला ‘उडवा’ एवढंच लिहिलं. त्याने लगेच उडवले.

दाढीवाला खोलीत आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, सोडा हो, आणि माझ्या स्लाइड मागितल्या. इतकं छान त्याला मांडता येत नाही म्हणे. शेवटची सोडून सगळ्या दिल्या. खूप वाईट वाटलं. अकरा वर्षं आहेत ती. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो.

पण माझा नियम चुकीचा नाही. वेळेच्या पुढे आहे. साडेचार तास पुढे.

घरी चहा, दोन चमचे. सासूबाईंची पट्टी निघाली. स्वतःहून म्हणाल्या, ते पावसाचं चित्र आणा, आता नीट बघते. एकच प्रिंट दिला. दोन्ही डोळ्यांनी बघितला, बोट फिरवलं, सुरेख आहे म्हणाल्या. मग विचारलं, जावईबापू, हे तुम्ही केलंत?

बायको माझ्याकडे बघत होती.

हो म्हणालो.