उंबऱ्याला वाळवी

कुंभिवली,
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

माझी तस्लीम आपा,

अस्सलाम आलेकुम. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही सगळे तिकडे बरे असाल. फोन सोडून कागद कशाला, म्हणशील. दोन खोल्यांचं घर, मी शिंकले तरी ह्यांना ऐकू जातं. तुझा रिझवान उद्या टेंपो घेऊन कळंबला परततोय, त्याच्या हाती देते. वाचू नको म्हणून दम दिलाय, लेकाचा गावभर सांगत सुटेल.

ऑपरेशन शनिवारी, पनवेलला. मानेच्या मणक्यात नस दाबली गेलीय, ती मोकळी करायची, एवढंच. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की निघायचं. नर्स म्हणाली नखं कोरी हवीत, नाहीतर बोटाला लावायचं मशीन नीट दाखवत नाही. ईदची मेंदी नखांवर तशीच आहे गं. लिंबू घासून घासून बोटं चुरचुरली. म्हणजे उजव्या हाताची. डाव्या हाताला काही कळलंच नाही.

ह्यांना तांदळाची भाकरी शिकवली. उकड बरी काढतात, थापायला घेतली की नकाशा होतो. माझे कपडे मीच कपाटाच्या खालच्या कप्प्यात आणून ठेवलेत. का, ते विचारू नकोस.

विचारणारच तू. मग ऐक. माझ्या पायांतला गेलेला जीव परत येणार नाही, आपा. हे औषधं आणायला खाली गेले होते तेव्हा डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं. गेलेलं परत येईल असं धरून चालू नका, पण आता थांबलात तर हातही जातील. हात वाचतील ना, विचारलं, तर त्याचीही खात्री देत नाहीत.

आठवडाभर मी नाहीच म्हणत होते. कापून घ्यायचं आणि तरी पडूनच राहायचं, तर कशाला? मग एकदा पहाटे फजरच्या नमाजाआधी वजूला हात-तोंड धुताना लोटा हातातून सुटला. हे धावत आले, माझ्या हातांवर पाणी घातलं, लहान पोरासारखं तोंड पुसलं. मला इतकी लाज वाटली की त्याच दिवशी हो म्हणून टाकलं. वजू तरी माझं मला करता यावं. दुसरं मागणं काही उरलं नाही.

ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. डॉक्टरांनाही सांगू नका म्हटलं. भिंत धरून चालताना पायातली चप्पल निसटते, मला पत्ता नसतो. हे मागून गुपचूप उचलून आणतात आणि म्हणतात, ऑपरेशन झालं की पट्ट्याची घेऊ. मी म्हणते, लाल घ्या.

काल पंक्चरचं दुकान बंद ठेवून छिन्नी-हातोडा घेऊन बसले आणि दाराचा उंबराच फोडायला लागले. मी विचारलं, हे काय चाललंय? वर न बघता म्हणाले, "वाळवी लागलीय."

दगडाच्या उंबऱ्याला वाळवी, आपा. पावसाचं पाणी अडवायला त्यांनीच हौसेनं बसवलेला. तिथं सिमेंटचा उतार केला आणि कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत बसले. तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी हॉस्पिटलातून निघताना, फाईल विसरली म्हणून हे एकटेच डॉक्टरांकडे परत गेले होते. फाईल माझ्या मांडीवर होती.

त्यांना सगळं माहीत आहे. चाकाच्या खुर्चीला वाट करत होते. मी म्हटलं, "बरं केलंत. वाळवी वाईट." त्यांनी मान हलवली. मग आम्ही चहा प्यायलो.

फोनवर तुला येऊ नको म्हटलं होतं, ते मागे घेते. शनिवारी ये. माझ्यासाठी नको, मी बेशुद्ध असेन. बाहेर बाकावर हे एकटे असतील. माझ्यासमोर हा माणूस रडणार नाही, मेला तरी नाही. तुझ्यासमोर रडेल. रडू दे. गप्प करू नकोस.

अजून स्वतःच्या हातानं लिहिणारी,
तुझी बिलकिस